दोन नातवंडे, दोन पासपोर्ट

वाचकाचे पत्र :

मी निवृत्त शिक्षिका असून जुळे सोलापुरात एकटी राहते. माझा मुलगा २०१२ साली नोकरीनिमित्त अमेरिकेत, न्यू जर्सीला गेला, तेव्हा थोरला नातू तीन वर्षांचा होता. त्याचा जन्म सोलापूरचा, तर धाकटी नात २०१४ साली तिकडेच जन्मली. मुलाचा ग्रीन कार्डाचा अर्ज २०१६ पासून रांगेत आहे. मागच्या महिन्यात आई-वडील घरात नसताना नातवाने व्हिडिओ कॉल करून मला विचारले, ‘आजी, एकवीस वर्षांचा झालो की मला इथून जावं लागेल, हे खरं आहे का?’ त्याच्या मित्राला सुट्टीत आइसक्रीमच्या दुकानात काम मिळाले. याने तोच अर्ज भरायला घेतला आणि सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यापाशी अडला, कारण त्याच्याकडे तो नंबरच नाही. बहिणीकडे मात्र आहे. मुलगा आणि सून हा विषय काढू देत नाहीत. ‘त्याचा अभ्यास बिघडेल’ असे म्हणतात. नात तर सरळ सांगते, ‘मी इंडियन नाही, मी अमेरिकन आहे.’ ते मनाला लागते. मी त्यांना परत या म्हणू का? या मुलांचे पुढे काय होणार? आणि मंगळवेढ्याचे शेत कोणाच्या नावे करावे?

— एक आजी, सोलापूर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात प्रश्न अनेक आहेत, पण नातवाचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर त्याला अजून घरातल्या कोणीच दिलेले नाही. उत्तर असे आहे, की हो, त्याला कळले आहे ते खरे आहे. कायदा आहे तसाच राहिला आणि मधल्या काळात दुसरी वाट धरली नाही, तर एकवीस पूर्ण होताच वडिलांच्या व्हिसाच्या आधारे तिथे राहण्याचा त्याचा हक्क संपतो.

हे असे का, ते तुम्हाला नीट समजले पाहिजे, कारण समजल्याशिवाय तुम्ही त्याच्याशी बोलू शकणार नाही. तुमचा मुलगा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणार, आणि त्याची पत्नी व अविवाहित मुले एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर. हा व्हिसा मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंतच मिळतो आणि त्यावर त्यांना नोकरी करता येत नाही. आइसक्रीमच्या दुकानातला तो रकाना म्हणून रिकामा राहिला. वडिलांना त्याआधी ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाले असते, तर सोबत मुलालाही मिळाले असते. पण नोकरीच्या आधारे दिली जाणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात, त्यांत अर्जदारांच्या बायकामुलांचीही गणना होते, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत. भारतातून जाणाऱ्या अभियंत्यांची संख्या पाहता रांग किती लांबली असेल, याची कल्पना येईल. २०२५ साली या रांगेत भारतीयांचे जे अर्ज निकाली निघत होते, ते बहुतेक २०१३ सालच्या आसपासचे होते. तुमच्या मुलाचा अर्ज २०१६ चा आहे आणि नातू २०३० मध्ये एकवीस पूर्ण करील. पाळी त्याआधी येईलच असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका. मुलांचे वय मोजताना थोडी सवलत देणारा कायदा २००२ साली झाला खरा, पण त्यात मूळ अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळच वयातून वजा होतो. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत, आणि भारतीयांची वर्षे जातात ती नेमकी तिथेच.

यात नातवाची चूक नाही आणि तुमच्या मुलाचीही नाही. त्याने कायदा पाळला, कर भरला, मुलाला शाळेत घातले. लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणारी योजना अमेरिकेने २०१२ साली आणली, पण ज्यांच्यापाशी वैध कागद होते त्यांना ती लागू झाली नाही. कायद्याने वागलेल्या कुटुंबातले मूलच असे मधल्यामध्ये अडकावे, ही माझ्या मते त्या व्यवस्थेची मोठी त्रुटी आहे आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे.

आता त्याला सांगायचे कसे. मुलगा आणि सून गप्प आहेत ते भीतीपोटी, हे मी समजू शकतो. पण सोळा वर्षांच्या मुलाने प्रश्न विचारला, याचाच अर्थ त्याला उत्तराचा अंदाज आलेला आहे. अशा वेळी घरातली माणसे गप्प राहिली, की मूल दोनपैकी एक समजूत करून घेते : एक तर गोष्ट बोलण्यापलीकडची भयंकर आहे, किंवा आपल्यातच काही कमी आहे. सख्ख्या बहिणीला जे आपोआप मिळाले ते आपल्याला नाही, हे रोज डोळ्यांसमोर असताना दुसरी समजूत फार लवकर घट्ट होते. अभ्यास बिघडण्याचे भय असेल, तर तो अर्धवट माहितीने अधिक बिघडेल, कारण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो मोबाइलवर हेच शोधत असणार.

तरीही तुम्ही परस्पर सर्व सांगून मोकळे होऊ नका. त्याने तुम्हाला विश्वासाने गाठले आहे, तेव्हा आधी त्याच्याशीच बोला आणि एवढेच म्हणा : ‘तू विचारलंस ते बरोबर आहे, मी माहिती काढली आहे. यात तुझं काहीही चुकलेलं नाही. वाटा आहेत, आणि त्या शोधण्याचं काम तुझं एकट्याचं नाही. मी बाबांशी बोलू का? बोलले तर काय सांगू आणि काय नको?’ त्याची परवानगी मिळाली की मुलाला फोन करा, तोही सून सोबत असताना. त्यांना दोष देऊ नका. चौघांनी एकत्र बसून स्थलांतर कायद्याच्या वकिलाची वेळ घ्यावी आणि त्या बैठकीला नातवाला सोबत न्यावे, असा आग्रह मात्र धरा. ज्याच्या आयुष्याचा निर्णय आहे त्याला दाराबाहेर बसवून तो होऊ नये.

वाटा कोणत्या, तेही सांगतो. सर्वांत रुळलेली वाट म्हणजे एकवीस पूर्ण होण्याआधी विद्यार्थी व्हिसा घेणे. तिथल्या केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य त्याला मिळणार नाही, आणि सरकारी विद्यापीठांचे शुल्क स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने लागेल की परक्याच्या, हे राज्याराज्यांत वेगळे असते. म्हणून शाळेतल्या समुपदेशकाला त्याची व्हिसाची स्थिती आजच स्पष्ट सांगावी, अर्जांच्या हंगामात नव्हे. शिक्षणानंतर एक वर्ष, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या शाखांत आणखी दोन वर्षे कामाची मुभा मिळते. पुढे एच-वन-बी, ज्याचा कोटा वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० असा आहे. त्यापुढे ग्रीन कार्डाची रांग पुन्हा आहेच, आणि या रांगेत माणूस कुठे वाढला हे पाहत नाहीत, जन्म कुठे झाला ते पाहतात. तेरा वर्षे न्यू जर्सीत काढलेला हा मुलगा सोलापूरच्या जन्मदाखल्यामुळे भारताच्याच रांगेत उभा राहील.

म्हणून माझे मत असे, की एकाच देशावर सगळे लावू नये. पदवीसाठी कॅनडाचा विचार अवश्य व्हावा. तिथे शिक्षणानंतर कायम वास्तव्याचा मार्ग तुलनेने मोकळा आहे, जरी तिथेही अलीकडे नियम कडक होत आहेत. भारतही त्या यादीत असावा, आणि तो नाइलाजाचा शेवटचा पर्याय म्हणून नसावा. नातू भारतीय नागरिक आहे, हे त्याला कोणी आपुलकीने सांगितले आहे का? इथे राहायला, शिकायला, नोकरी करायला, मत द्यायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या देशपातळीवरील प्रवेश परीक्षा त्याला देता येतात; मात्र महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील जागांसाठी दहावी-बारावी कुठून झाली आणि अधिवास कुठला, याच्या अटी असतात, त्यामुळे ‘इकडे ये, वालचंदला किंवा पुण्यात सहज प्रवेश मिळेल’ असे आश्वासन आधी चौकशी केल्याशिवाय देऊ नका. ज्या घरात ‘अभ्यास केला नाहीस तर इंडियाला परत जावं लागेल’ हे वाक्य धमकी म्हणून वापरले गेले असेल, तिथे मुलाला स्वतःचा देश शिक्षेसारखा वाटतो. तुमच्या घरात ते कधी उच्चारले गेले असेल, तर ते थांबवण्याचा अधिकार आजी म्हणून तुमचा आहे.

आता नातीबद्दल. ती ‘मी अमेरिकन आहे’ म्हणते, ते अक्षरशः खरे आहे. अमेरिकेच्या घटनेतील १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तिथे जन्मलेल्याला नागरिकत्व दिले. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क याला चीनहून परतताना बंदरावर अडवले गेले, तो न्यायालयात गेला, आणि १८९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला व न्यायालयांत अडकला, पण तो पुढे जन्मणाऱ्या मुलांपुरता होता. तुमच्या नातीला त्याची झळ नाही. जन्मावरून नागरिकत्व देणे सगळीकडे चालते असेही नाही. ब्रिटनने १९८३ पासून ते सरसकट देणे बंद केले, आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमताने बंद केले, आणि आपल्याकडेही १ जुलै १९८७ पासून केवळ इथला जन्म पुरेसा राहिलेला नाही.

तेव्हा त्या वाक्याला अपमान समजू नका. अकरा वर्षांची मुलगी शाळेत रोज जे ऐकते, पासपोर्टावर जे वाचते, तेच बोलते. तुम्ही ‘नाही, तू भारतीयच आहेस’ असा वाद घातलात, तर ती तुमच्यापासून दूर जाईल आणि शेजारी बसलेल्या भावाला ते वेगळेच टोचेल. उलट तिला मराठी वाचायला शिकवा. तुम्ही आयुष्यभर मुलांना अक्षर ओळख करून दिलीत. आठवड्यातून एकदा अर्धा तास कॅमेऱ्यासमोर पाटी धरून बाराखडी घ्या, मग तिला चार ओळींचे पत्र लिहायला लावा आणि टपालाने पाठवायला सांगा. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळाही तिकडच्या अनेक शहरांत शनिवार-रविवारी भरतात. यामागे संस्कृतिरक्षणाचा भार तिच्या डोक्यावर ठेवण्याचा हेतू नसावा. अलेहान्द्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाऊत या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ पासून मायामी व सॅन दिएगोतील स्थलांतरितांच्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. इंग्रजीबरोबर आई-वडिलांची भाषाही नीट येणारी मुले शाळेत बरी चालतात आणि घरात त्यांचे खटके कमी उडतात, असे त्यांना आढळले. घरात जे बोलले जाते ते मुलाला पूर्ण समजते, एवढ्यानेही कितीतरी गैरसमज टळतात.

आणि एक काळजी घ्या. ‘ही एकवीसची झाली की आपल्या सगळ्यांचं काम करेल’ असे वाक्य अनेक घरांत कौतुकाने बोलले जाते. २०३५ साली ती आई-वडिलांसाठी अर्ज करू शकेल, हे खरे. पण भावासाठी केलेला अर्ज दोन दशके रांगेत राहतो. २०२५ मध्ये भारतीय भावंडांचे २००६ सालातले अर्ज निघत होते. म्हणजे तिच्या नागरिकत्वाने भावाचा प्रश्न वेळेत सुटणार नाही, आणि मोठ्यांची आशा तेवढी तिच्या खांद्यावर बसेल. दोन्ही भावंडांना एकमेकांचे ऋणी करू नका.

‘या मुलांचे पुढे काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण सोलापूरकरांनी फार लांब जाण्याची गरज नाही. तेलंगणातून, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातून, पद्मशाली विणकर कुटुंबे हातमागासाठी आणि पुढे गिरण्यांसाठी इथे आली आणि शहराचा पूर्व भाग त्यांनी वसवला. बाई, तुम्ही शिक्षिका होता, तेव्हा असे मूल तुमच्याही वर्गात बसले असेल : घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, फळ्यावर मराठी. सिव्हिल हॉस्पिटलच्या खिडकीशी पाचवीतला मुलगा आजीचे दुखणे तेलुगूत ऐकून घेतो, केसपेपर लिहिणाऱ्याला मराठीत सांगतो, गोळ्या कधी घ्यायच्या ते पुन्हा आजीला समजावतो, आणि मधेच आजी काहीतरी लाजिरवाणे बोलली तर ते गाळून टाकतो. जगभर स्थलांतरितांची मुले हेच करतात, वयाच्या आधी घराचे दुभाषे होतात. त्यात ताण आहे, पण त्यातून येणारी जाण आणि चिकाटीही आहे. याच समाजातून गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ सोलापूरचे खासदार झाले, नरसय्या आडम आमदार झाले. कापडाचे कारखानदार, डॉक्टर, प्राध्यापक किती झाले ते तुम्हाला माझ्याहून अधिक माहीत असेल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा ही मंडळी तेलुगू असतात आणि सोलापूरकरही असतात. त्यांना कोणी एक निवडायला सांगत नाही.

मात्र तुमच्या नातवाच्या आणि त्यांच्या स्थितीत एक मोठा फरक आहे, आणि तो डोळ्यांआड करून चालणार नाही. एकविसाव्या वर्षी ‘तुझा इथे राहण्याचा कागद दाखव’ असे त्या विणकरांच्या मुलांना कोणी म्हटले नाही. त्यांना कष्ट पडले, गरिबी सोसावी लागली, पण पायाखालची जमीन त्यांचीच होती. रान अब्रामित्स्की आणि लिआ बूस्तान या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शतकाहून अधिक काळाच्या नोंदी जुळवून दाखवले, की गरीब स्थलांतरितांची मुले तेवढ्याच गरीब स्थानिकांच्या मुलांपेक्षा अधिक वर चढत आली आहेत. तुमची नातवंडे तर शिकलेल्या, कमावत्या घरातली आहेत. बुद्धी, भाषा, आई-वडिलांचे कष्ट या कशातच दोघे कमी नाहीत. त्यांच्या भवितव्यात फरक पडेल तो कागदाने. म्हणून घरातली शक्ती गुण वाढवण्याच्या चिंतेतून थोडी काढून कागदाच्या तयारीकडे वळवा.

मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉक्टर वराडकर परदेशी गेले आणि त्यांचा डब्लिनमध्ये जन्मलेला मुलगा लिओ २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. तो दाखला नातवंडांना मात्र देऊ नका. आई-वडिलांनी देश सोडला, त्याची किंमत आपण यशाने चुकवायची, हे ओझे या मुलांवर आधीच असते, न सांगताही असते. आजीकडून त्यांना गुण न विचारणारे एक माणूस हवे असते.

परत या म्हणावे का? सध्या म्हणू नका. नातू शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर आहे आणि अशा वेळी अभ्यासक्रम, परीक्षा आणि मित्र एकदम बदलणे सोळा वर्षांच्या मुलाला फार जड जाते. त्याने तिथले शालेय शिक्षण पूर्ण करावे. नात अजून लहान आहे, ती रुळेल, पण महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा तिची वाचनाची तयारी आधी व्हायला हवी. परतण्याचा निर्णय मुलाने आणि सुनेने स्वतःच्या हिशेबाने घ्यावा. तुमच्या एकटेपणाचा उल्लेख त्यात आला, तर ते अपराधी मनाने येतील आणि चूक झाल्यास तोच मुद्दा पुढे घरात कायम निघत राहील. तुम्ही एकट्या आहात हे दुःख खरे आहे. ते मुलाला जरूर सांगा, पण परत बोलावण्याच्या विषयापासून वेगळे सांगा. नातवाला मात्र पुढच्या सुट्टीत महिनाभर तुमच्याकडे पाठवा म्हणा, आणि आला की त्याला पाहुण्यासारखे फिरवू नका. बँकेत, भाजी मंडईत, शेतावर सोबत न्या. आपण इथे राहू शकतो का, हे त्याचे त्याला अजमावू द्या.

शेताचा प्रश्न सोपा वाटला तरी त्यात एक मेख आहे. नात परदेशी नागरिक असल्याने, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) असले तरी, तिला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि हयातीत बक्षीसपत्राने देताही येत नाही. वारसा हक्काने मात्र मिळू शकते. ओसीआय काढलेले नसेल तर ते आधी काढायला सांगा, कारण तिला आजन्म व्हिसाशिवाय इथे येता-राहता येईल, मताचा आणि सरकारी नोकरीचा अधिकार वगळून. नातू भारतीय नागरिक असला तरी परदेशात राहत असेपर्यंत विकत घेण्याची आणि बक्षीसपत्राची हीच अडचण त्यालाही आहे; तो इथे कायमचा परतला तर ती उरणार नाही, पण तेवढ्यावरून सगळे शेत त्याच्या नावे करू नका. एकाला कागदाने तिथे नाकारले आणि दुसरीला कागदाने इथे, असे तुमच्या हातून होऊ नये. दोघांचा वाटा लिहिलेले मृत्युपत्र करा. कायद्याने नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्या आणि त्याआधी महसुली कामे करणाऱ्या वकिलाला सातबारा दाखवा. त्याच वकिलाकडे जाताना नातवाच्या जन्मदाखल्याची महापालिकेची मूळ प्रत शोधून ठेवा आणि त्यावरील नावाचे स्पेलिंग त्याच्या पासपोर्टाशी जुळते का, ते पाहा. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज याच वर्षी करा. व्हिसा बदलताना तो दाखला मागितला जाऊ शकतो.